वेळ अमावस्या आणि माझा डावा गुडघा

मंठाळ तुम्ही दोघांनी पाहिलेलं नाही, आणि तुमच्या बाबाने पाहिलं त्याला तीस वर्षं झाली, तेव्हा त्याच्या वर्णनावर विसंबू नका. बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात, काळ्या जमिनीतलं गाव आहे. तुमच्या आजोबांचं गाव. मार्गशीर्षातल्या अमावस्येला त्या भागातली गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. घरच्यांनी शेतात जाऊन पूजा करायची, आणि मग बांधावरून जाईल त्याला ओढून आणून जेवायला बसवायचं, असा हा सण. त्याला वेळ अमावस्या म्हणतात. आजोबा नोकरीत असताना या एका दिवसासाठी रजा राखून ठेवत आणि न चुकता जात. मी लग्नाच्या वर्षी एकदा गेले आणि त्यानंतर त्रेचाळीस वर्षं गेले नाही. यंदा एकटी गेले. सानिका, ईशान, हे त्याचं वर्णन. मुद्देसूद लिहिते आहे, मध्येच झोपू नका.

जायचं ठरलं ते दिवाळीमुळे. घरातलं माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला त्या घरात कढई चढत नाही, फराळ शेजारपाजाऱ्यांनी आणायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. रीत चांगली आहे. फक्त ज्याने ती काढली त्याने आमच्या सोसायटीतल्या चकल्या खाल्लेल्या नसाव्यात. नऊ डबे आले, आणि प्रत्येक डब्याबरोबर एक चेहरा आला. माझ्या दारात पाऊल ठेवताच बायकांचे आवाज निम्मे होत. 'कशा आहात?' असं विचारून त्या उत्तराआधीच मान हलवू लागत, म्हणजे मी बरी आहे म्हणायची सोयच नाही. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावरचा डबा पाचव्या मजल्यावर पोचवला आणि पाचव्याचा दुसऱ्यावर. दोन्हीकडून कौतुक झालं.

त्यात तुमच्या बाबाने फोनवर एक यादी पाठवली. जोडीदार गेल्यावर सणवार कसे निभवावेत, बारा सूचना. तिसरी सूचना अशी की जेवणाच्या टेबलावर त्यांच्या नावाचं एक ताट मांडावं. आजोबा टेबलावर जेवले कधी? ताट मांडीवर घेऊन बातम्यांसमोर बसत आणि आमटी सोफ्याला पाजत. सातवी सूचना, भावना दाबून ठेवू नका. त्या सोफ्याबद्दलच्या भावना मी कधीच दाबल्या नव्हत्या. मी यादी तपासली, शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या आणि परत पाठवली. त्याने उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. नववी सूचना मात्र राहून राहून डोळ्यांपुढे येत होती: त्यांना प्रिय असलेल्या जागी एकदा जाऊन या. तिच्यात चूक सापडली नाही.

सामान थोडं घेतलं. त्यात आजोबांची स्टीलची किटली. दर वर्षी ते तिच्यात माझ्यासाठी मंठाळची आंबील भरून आणत. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून, लसूण घालून केलेलं ते पेय असतं. मी 'छान आहे' म्हणायची आणि ते आंघोळीला गेले की कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायची. आमचा कढीपत्ता सोसायटीत सगळ्यांत दाट आहे.

गुलबर्गा

स्टेशनवर आता कलबुरगी अशी पाटी आहे. आजोबा शेवटपर्यंत गुलबर्गा म्हणत, म्हणून मीही तेच लिहिते. आगगाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ती चालली आणि पोचली.

माझा पुतण्या नागनाथ न्यायला आला होता. आजोबांच्या धाकट्या भावाचा मुलगा, पन्नाशीचा, शेती तोच बघतो. तो एक चाकांची खुर्ची ढकलत फलाटावरून धावत आला.

"काकू, उतरू नका. थांबा, मी उतरवतो."

"मी उतरले आहे," मी म्हटलं. बॅगही मीच उतरवली होती.

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. "गुडघा कसा हाय?"

"कोणाचा?"

"तुमचाच की. अण्णा सांगायचे नव्हं, गुडघ्यापायी प्रवास जमत न्हाई म्हून."

आजोबांना गावात लहानथोर सगळे अण्णा म्हणत. मी काहीच बोलले नाही. बोलले नाही हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आजोबा चारचौघांत काही सांगू लागले की मी शेजारी बसून दुरुस्त्या करायची. 'मंगळवार नव्हे, बुधवार.' 'चार जण नव्हे, पाच.' ते थांबत, माझ्याकडे बघत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. इथे तर बुधवार-मंगळवाराचा प्रश्नच नव्हता. मला गुडघेदुखी नाही. कधीच नव्हती. रोज सकाळी मी टेकडी चढते.

नागनाथने मग फलाटावरच सगळा इतिहास सांगितला. पहिली काही वर्षं मला परीक्षेचे पेपर तपासायचे असत. मग माझी आई आजारी पडली. माझी आई खरोखर आजारी होती, पण ती गेल्यावरही मंठाळमध्ये आणखी सहा वर्षं आजारी राहिली, असं माझ्या लक्षात आलं. आणि गेली पंधरा वर्षं गुडघा. आजोबांचे दिवस करायला हे सगळे पुण्याला आले होते, पण तेरा दिवस मी बसूनच होते. त्यामुळे बिंग फुटलं नव्हतं.

खरं कारण वेगळं होतं. लग्नाच्या वर्षी मी नवी रेशमी साडी नेसून त्या शेतात गेले. आजोबांच्या थोरल्या बहिणीने, सुभद्राअक्कांनी, आग्रह करकरून तीन तांबे आंबील पाजली. तासाभरात पोट बिघडलं. आडोसा म्हणजे तूर. तीनदा मला त्या तुरीत पळावं लागलं, रेशमी साडीसकट, आणि तिसऱ्यांदा परत आले तेव्हा अक्का जमलेल्या सगळ्या बायकांना सांगत होत्या, "पुन्याची सून आली आन पयल्याच दिवशी तुरीला खत घालून गेली." सगळ्या हसल्या. तेव्हा मी ठरवलं, पुन्हा यायचं नाही. आजोबांनी दोन-तीन वर्षं विचारलं आणि मग विचारायचं सोडलं. विचारायचं सोडल्यावर ते तिकडे काय सांगतात हे मी कधी विचारलं नाही.

आता फलाटावर पेच असा होता. खरं सांगावं, तर तुमचे आजोबा स्वतःच्या गावात, त्यांच्याशिवायच्या पहिल्याच सणाला, खोटारडे ठरणार. गप्प बसावं, तर मी खोटारडी ठरणार, पण ते फक्त मला कळणार. मी चाकांच्या खुर्चीत बसले. मोटारीत बसताना डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

रस्त्यात

हुमनाबादच्या अलीकडे जेवायला थांबलो. कडक भाकरी पापडासारखी मोडून खायची, शेंगांची चटणी, आणि तेलात पोहणारी भरली वांगी. पुण्यात खाणावळीत दुसऱ्यांदा चटणी मागितली की मालक मान वर करून बघतो. इथे पुरे म्हटलं की मालक रागावतो. "कामून? चव न्हाई का?" असं विचारून तो माझ्या ताटात आणखी दोन वांगी सोडून गेला.

"इरम्माची आठवण आली," नागनाथ म्हणाला. "आपल्या बांधाला बांध लावून तिचं शेत हाय. तिनं वांगं सोडलंय, तुमच्यापायी."

माझ्या तोंडात वांगं होतं.

"म्हणजे?"

"नवस बोललीय ती. अण्णाची बायको चांगल्या पायानं येऊन शेताला फेरी मारल, त्याच दिवशी वांगं खाईन म्हनली. अकरा वर्षं झाली."

ज्या भागात वांग्यावाचून पान हलत नाही त्या भागात एक बाई माझ्या नसलेल्या गुडघ्यासाठी अकरा वर्षं वांगं खात नव्हती. मी तोंडातलं वांगं चावायचं विसरले. नवस फेडायचा तर मला नीट चालायला हवं, आणि नीट चालले तर आजोबा उघडे पडणार. इंग्रजी शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. वर्गातल्या सबबी मी दारातच ओळखत असे. घरातली सबब मात्र पंधरा वर्षं माझ्याच नावावर चालली होती.

पुढचा रस्ता सुरेख होता. कुठे तूर कापून तिच्या पेंढ्या उभ्या केलेल्या, कुठे गुडघाभर हरभरा. (गुडघाभर हा शब्द त्या दिवशी मला चावत होता, तरी लिहिते.) ज्वारी डोक्याइतकी उंच आणि अजून हिरवी. राजेश्वर गावात चहा घेतला. चहावाल्याने मराठीत विचारलं, कन्नडमध्ये आत सांगितलं आणि पैसे देताना दखनीत शुक्रिया म्हणाला. पुण्यात एका भाषेत एवढं सौजन्य मिळत नाही.

मंठाळच्या घरी अक्का ओट्यावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. नवरा गेल्यापासून माहेरीच असतात आणि सगळ्यांवर हुकूम चालवतात. मी लंगडत पायऱ्या चढले. त्या बघत राहिल्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "लई उसीर केलीस."

एवढंच. कोणी आवाज निम्मा केला नाही, मान हलवली नाही. मला भज्जीसाठी, म्हणजे या सणाच्या मिसळीच्या भाजीसाठी, वालाच्या शेंगा सोलायला बसवलं, आणि मी सोललेल्या शेंगा अक्कांनी पुन्हा तपासल्या. घरची आठवण आली. तपासण्याचं काम तिथे माझ्याकडे असतं.

अमावस्या

शेतापर्यंत चालत दहा मिनिटं. पण माझ्यासाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी अंथरली होती, तिच्यावर लोड. कोणी मंत्री गावाला भेट द्यायला निघावा तशी मी निघाले. वाटेतल्या शेतांतून लोक हात करत होते आणि नागनाथची बायको सुनंदा प्रत्येकाला ओरडून सांगत होती, "व्हय, याच! गुडघ्यावाल्या काकू!"

शेतात कडब्याची खोप उभारली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडले होते. ते पांडव. खोपीशेजारी मात्र एक सिमेंटची पक्की खोली होती, वर पत्रा, दाराला कुलूप.

"ही कसली?" मी विचारलं.

"तुमची," नागनाथ म्हणाला आणि किल्ली शोधू लागला.

आत पांढरा कमोड होता. त्यावर कांद्याची दोन पोती आणि कोपऱ्यात कोळप्याची पाती. "अण्णा म्हनले, तिला खाली बसाया येत न्हाई, अशी सोय केली की पुढच्या साली घेऊनच येतो. म्हून बांधली. अकरा वर्षं झाली बघा हिलाबी."

"मग तुम्ही का वापरत नाही?"

"आमाला तुरीत बरं वाटतंय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हे जास्त लागलं.

कांदे बाहेर काढल्यावर मी आत गेले. मला जायचं नव्हतं, पण बाहेर सहा माणसं आशेने उभी होती. दार लावायला हात पुढे केला आणि कडी हाताला ओळखीची लागली. जरा वर उचलायची आणि मग डावीकडे सरकवायची, नाहीतर अडकते. पुण्याच्या आमच्या जुन्या न्हाणीघराची पितळी कडी. घर दुरुस्त करताना ती हरवली तेव्हा मी भंगारवाल्यावर आळ घेतला होता आणि आजोबा शेजारी उभे राहून गंभीरपणे मान हलवत होते. मी पुण्याहून येत नव्हते, म्हणून त्यांनी घरची कडी आणून इथे बसवली होती. मी जरा वेळ बसले. यादीतली सातवी सूचना तिथे पाळली गेली. आवाज बाहेर जाऊ दिला नाही.

पूजेच्या वेळी थोडा घोळ झाला. सुनंदा बायकांना हळदीकुंकू लावत लावत माझ्यापर्यंत आली आणि थबकली. हात हवेत. मी तिच्या सोयीसाठी दुसरीकडे बघायला लागले. पुण्यात दिवाळीला हे चार वेळा झालं होतं, त्यामुळे कुठे बघायचं याचा सराव होता.

"लाव की," अक्का दगडावर बसून म्हणाल्या. "तिचं कपाळ काय अण्णा संगं घेऊन गेला व्हय?"

सुनंदाने लावलं. मग अक्कांनी स्वतःचंही कपाळ पुढे केलं. "आन मलाबी. तीस वर्षं झाली, कुनी इचारलं न्हाई."

आता मुख्य विधी. एकाने डोक्यावर घोंगडं घ्यायचं, आंबिलीचं मडकं उचलायचं, आणि पिकाच्या कडेकडेने फिरत हिरव्या डहाळीने ती शिंपडायची. तोंडाने ओरडायचं, "वलगे वलगे सालम पलगे." अर्थ कोणालाच माहीत नाही. आजोबा मला दर वर्षी नवा सांगत. हे काम आजोबांचं होतं. यंदा घोंगडं नागनाथने घेतलं. ते डोक्यावर घेताना तो क्षणभर थांबला, आणि सगळे इकडेतिकडे बघू लागले.

बांधावर इरम्मा येऊन उभी होती. बुटकी, काळीसावळी, हिरव्या इरकलीत. ती माझ्या पायांकडे बघत होती.

मला दिलेल्या खुर्चीतून मी उठले. "मी येते मागून," मी म्हटलं.

"काकू, गुडघा..."

"बघू कसा चालतो ते."

गुडघा टप्प्याटप्प्याने बरा करावा लागला. एकदम केला असता तर बरं दिसलं नसतं. पहिल्या बांधाला चांगली लंगडले, ढेकळं खरीच असल्याने फार कष्ट पडले नाहीत. दुसऱ्या बांधाला कमी. तिसऱ्याच्या मध्यावर हात कमरेवरून काढला. चौथ्या बांधाला मी टेकडीवर चालते तशी चालत होते आणि नागनाथच्या पाठोपाठ ओरडत होते. अर्थ न विचारता मी म्हटलेली ही आयुष्यातली पहिली ओळ. हरभऱ्यावर आंबील पडत होती, साडीवर पडत होती, आणि पुढे घोंगडं चाललं होतं. आत कोण आहे ते मागून दिसत नव्हतं.

खोपीपाशी पोचले तेव्हा इरम्माने दोन्ही हात जोडले. "झालं बघा वैनी," ती म्हणाली, "देवानं ऐकलं."

"देवाने नाही, तुम्ही केलं," मी म्हटलं. ते आजोबांसारखं सफाईदार आलं.

सगळ्यांदेखत तिला वांगं वाढलं. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, आंबट भात असं ताट भरलेलं, आणि मध्ये मोठं वांगं. तिने डोळे मिटून ते एका दमात खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं. अकरा वर्षांची भक्ती, मी मनात म्हटलं. आंबील मी एकच तांब्या घेतली. दुपारी चारच्या सुमाराला त्या पांढऱ्या कमोडचं रीतसर उद्घाटन झालं. तपशील देत नाही. तुरीकडे बघायचीही वेळ आली नाही.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी नागनाथ मोटार पुसत होता आणि अक्का माझ्या किटलीत आंबील भरत होत्या. ओट्यावर आम्ही दोघीच.

"गुडघा बरा झाला म्हन," त्या म्हणाल्या.

"हो. इरम्माची कृपा."

"डावा बरा झाला. उजव्याचं काय?"

मी आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं.

"पंधरा वर्षं अण्णा उजवा सांगत आला. तू डावा धरून उतरलीस." त्यांनी किटलीला झाकण लावलं आणि ते घट्ट बसलं का म्हणून दोनदा आपटलं. "लहानपनापासून खोटं बोलायला लागला की कानाची पाळी वढायचा. गुडघा म्हनला की हात कानाला. आमाला कळत न्हवतं व्हय?"

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुला यायचं न्हाई असं त्यानं सरळ सांगितलं असतं, तर आमाला तुझा राग आला असता. गुडघ्यावर कोन राग धरतंय?"

मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी तुरीवरून हसला होता."

अक्कांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, भुवया एकत्र आणून. त्यांना आठवेना. त्रेचाळीस वर्षं मी जे जपून ठेवलं होतं ते त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशीही शिल्लक नसावं.

"हसले असंन," त्या म्हणाल्या. "हसायसारखं असंल तर हसनारच की."

मोटार सुरू झाली. मी उठले, बॅग उचलली आणि पायऱ्या उतरले, दोन्ही पायांनी. मग आठवलं म्हणून परत वळले.

"इरम्माला सांगू नका. बिचारीने अकरा वर्षं वांगं सोडलं."

"तिला कशाला सांगू?" अक्का म्हणाल्या. "तिला वांगं पोरवयापासून आवडत न्हाई. काल कसंबसं गिळली, तू बघितलीस की. आता रोज खावं लागल तिला, तुझ्यापायी. पुढल्या साली येताना गुडघा पुन्यालाच ठेवून ये."

किटली पुण्याला व्यवस्थित पोचली, थेंबही सांडला नाही. घरी आल्यावर मी एक पेला भरून घेतला आणि पूर्ण प्यायले. फार आंबट असते. उरलेली कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. त्यालाही यंदाचा सण त्यांच्याशिवायचा पहिलाच.